जुना एन्लार्जर : निवड आणि दुरुस्ती



आमच्या शाळेंतील एका मुलानें एके दिवशीं पत्र्याची एक लहानशी डबी आमच्या हातांत आणून ठेविली. आंत कागदांत गुंडाळलेल्या बारा निगेटिव्ह होत्या. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तेव्हां त्याच्या घरांत पाणी शिरून भिंतीवरील आजोबांचें छायाचित्र नष्ट झालें. माळ्यावरची ही डबी तेवढी वांचली. "सर, यांतून आजोबा पुन्हा निघतील काय?" असें त्यानें विचारिलें. त्या प्रश्नापायीं आम्ही जुना एन्लार्जर विकत घेतला, त्यांत फसलों, आणि फसल्यामुळें पुष्कळ शिकलों. तें ज्ञान येथें मांडीत आहों.

एन्लार्जर म्हणजे लहान निगेटिव्हवरून मोठें चित्र काढण्याचें यंत्र. त्याची रचना सोपी आहे. वर दिवा, त्याखालीं प्रकाश एकवटणारीं जाड भिंगें, त्याखालीं निगेटिव्हची चौकट, मग भाता व त्याच्या टोकास चित्र पाडणारें भिंग, आणि तळाशीं फळीवर कागद. डोकें दांड्यावर वर नेलें कीं चित्र मोठें होतें, खालीं आणलें कीं लहान. चित्राची लांबी व रुंदी दुप्पट झाली, तर तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. म्हणून कागदास प्रकाश देण्याचा वेळही बराच वाढवावा लागतो.

असलीं यंत्रें एके काळीं प्रत्येक छायाचित्रकाराच्या अंधारखोलींत असत. डिजिटल कॅमेरे आले आणि अंधारखोल्या ओस पडल्या. कोडॅकनें २००५ सालीं कृष्णधवल कागद करणें थांबविलें. आपल्या देशांत उटी येथें १९६० सालीं स्थापन झालेला व 'इंदु' या नांवानें माल विकणारा हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखानाही बंद पडला. इल्फर्डचा कागद मात्र अजून निघतो. दुर्स्त, मेओप्टा अशा नामांकित घराण्यांचीं यंत्रें आज कोणाच्या माळ्यावर तर कोणाच्या भंगारांत पडलेलीं असतात.

आतां खरेदीचें पाहूं. आमच्या निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरच्या होत्या. यंत्रही त्याच मापाचें होतें. परंतु विकणारानें सोबत दिलेली चौकट ३५ मिलिमीटर फिल्मची, आणि भिंग ५० मिलिमीटरचें! आम्हीं विचारलें नाहीं व त्यानें सांगितलें नाहीं. लावून पाहिलें, तों चित्राचे चारी कोपरे काळवंडलेले. याचें कारण असें कीं, भिंगाचें नाभ्यंतर साधारणपणें निगेटिव्हच्या कर्णाएवढें असावें लागतें. ३५ मिलिमीटर फिल्मचें चित्र २४ बाय ३६ मिलिमीटर असतें. त्याचा कर्ण सुमारें ४३, म्हणून भिंग ५०चें. सहा बाय सहाच्या चित्राचा कर्ण सुमारें ७९ मिलिमीटर, म्हणून भिंग ७५ किंवा ८०चें. सहा बाय नऊ असेल, तर १०५चें. हा कर्ण काढावयास पायथागोरसचा सिद्धांत पुरे. भूमिति निरुपयोगी म्हणणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. बहुतेक भिंगांच्या आट्याचें माप ३९ मिलिमीटर असतें, त्यामुळें एका यंत्राचें भिंग पुष्कळदां दुसऱ्यास बसतें. तथापि विकत घेण्यापूर्वीं माप घ्यावेंच.

याखेरीज पुढील गोष्टी समक्ष पाहाव्यात. दांडा डुलतो काय? अंधारांत दिवा लावला असतां भात्याच्या घड्यांतून प्रकाशाचे ठिपके दिसतात काय? भिंग उजेडासमोर धरलें असतां आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात काय? ती बुरशी होय. आपल्या जंगलपट्टींतील पावसाळी दमट हवा तिला फार मानवते. बुरशीनें कांच खाल्ली असेल, तर तें भिंग घेऊं नये. जाड भिंगें जागेवर आहेत काय, हेंही पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वीज. अमेरिकेंतून आलेलें यंत्र ११० ते १२० व्होल्टचें असूं शकतें. आपल्याकडे २३० व्होल्टची वीज आहे. पाटी न वाचतां तें जोडणें म्हणजे जिवाशीं खेळ. जुनी तार व प्लग जाणत्या वायरमनकडून बदलून घ्यावेत, आणि लोखंडी अंगास अर्थिंग द्यावें. हें काम मुलांनीं स्वतः करूं नये.

आमच्या यंत्राची तळफळी ओल लागून फुगली होती. आमच्या सुतारानें सागवानाची फळी रंधून दिली. सागवानास या प्रांतांत तोटा नाहीं. चौकट आम्हीं पातळ प्लायवुडच्या दोन तुकड्यांची केली. मधली खिडकी चित्रापेक्षां किंचित् लहान कापली, कडा घांसून गुळगुळीत केल्या व सर्वांस काळा रंग दिला. नंतर गवंड्याची पाणसळ क्रमानें फळीवर, चौकटीवर व भिंगाच्या पट्टीवर ठेवून तिन्ही समतल केल्या. हें न केल्यास चित्राची एक बाजू स्पष्ट व दुसरी पुसट येते.

यंत्राचा मूळचा दुधी दिवा आतां दुर्मिळ. त्याऐवजीं दुधी गोलाचा एलईडी दिवा चालतो. तो फार तापत नाहीं, म्हणून निगेटिव्ह वांकत नाहीं. तारेच्या दिव्याचा उजेड विजेच्या दाबाबरोबर कमीजास्त होतो, आणि खेड्यांत तो दाब किती डळमळतो हें आपण जाणतांच. चांगला एलईडी त्या मानानें स्थिर राहतो. मात्र बटण बंद केल्यावर कांहीं दिवे मंद तेवत राहतात; तसला दिवा कागद खराब करील. दिवा बदलल्यावर वेळेचें जुनें कोष्टकही निरुपयोगी होतें. म्हणून कागदाच्या पट्टीवर पांच, दहा, पंधरा सेकंद असे टप्पे पाडून योग्य वेळ ठरवावी.

औषधी पाण्याचें प्रमाण उष्णमान २० अंश मानितात. चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो. अशा वेळीं चित्र भराभर काळें पडतें. हें काम पौष-माघाच्या रात्रीं करावें. वापरलेल्या फिक्सरमध्यें चांदी उतरलेली असते. तें पाणी विहिरींत वा नाल्यांत कधींही ओतूं नये.

कोणी विचारील, मोबाइलनें निगेटिव्हचें चित्र घेतां येतें, मग इतका खटाटोप कशास? घेतां येतें, आणि घाई असेल त्यानें तसेंच करावें. परंतु आमच्या मुलांनीं प्रकाशशास्त्र, रसायन, सुतारकाम व धीर हीं चारही एका यंत्रापाशीं अनुभविलीं, आणि हातांत आलें तें विजेवांचून पाहतां येणारें चित्र.

शेवटीं आजोबा कागदावर उमटले. आजीनें चित्र हातांत घेतलें, क्षणभर निरखून म्हणाली, "अहो गुरुजी, फेट्याचा तुरा ह्या बाजूस नसे." आम्ही वरमलों. निगेटिव्हची निस्तेज बाजू खालीं, कागदाकडे, असावी लागते; आम्हीं ती उलटी ठेविली होती. दुसऱ्या रात्रीं चित्र पुन्हा काढलें. तें आज तिच्या घरीं आहे, आणि पहिलें, उलटें चित्र आमच्या अंधारखोलीच्या दारावर लावलें आहे. पुढच्या मुलांना तें पुरेसा धडा देईल.

पालकांस एक विनंति. घरीं वा ओळखीच्या जुन्या स्टुडिओंत असलें यंत्र पडलें असेल, तर तें भंगारांत घालण्यापूर्वीं शाळेस कळवावें. आणि निगेटिव्हची डबी तर कधींच टाकूं नये. पुराचें पाणी पुन्हा येणार नाहीं, असें कोण सांगेल?