मिठू हवाय? आधी हे वाचा!

जांभूळ गावात संध्याकाळी जरा वर बघा. पोपटांचा हिरवा थवा कलकलाट करत जातो आणि वाटतं, यार, आपल्याकडेही एक मिठू हवा!

थांबा. आपला लाल चोचीचा देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आजीकडे तर होता' हे कारण चालत नाही.

मग बजी, कॉकॅटिएल? हे परदेशी पक्षी पाळता येतात. पण सकाळची बदलापूर लोकल पकडून तुम्ही रात्री परतणार, तर दिवसभर त्याच्याशी बोलणार कोण? एकटा पडलेला पक्षी स्वतःचीच पिसं उपटतो. कॉकॅटिएल 15-20 वर्षं जगतो. तुमची डिग्री, नोकरी, लग्न झालं तरी तो असेलच. किचनमध्येही सांभाळा. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो त्याला विष. नॉनस्टिक तवा अती तापला तर त्याची वाफही जीव घेते. मिरची मात्र बिनधास्त द्या, त्याला ती तिखट लागतच नाही!

घरात आधीच देशी मिठू आहे? लगेच सोडू नका. माझ्या एका नातेवाइकांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो बाहेर आला, पंख फडफडवले आणि अंगणातच बसून राहिला. पंख कापलेले होते. असा पोपट मांजराच्या तोंडी जातो. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि मिठू बघायचाच असेल, तर संध्याकाळी जांभूळला या. पिंजरा लागत नाही.