मुंबईत खोली घेताना

अम्मीला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचे होते. कोकणातून रात्रीच्या गाडीने निघून आम्ही पहाटे दादरला उतरलो आणि रुग्णालयाजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. भाडे परवडणारे वाटले. पण दुपारी १२ वाजताच दुसरा दिवस धरला गेला, वर जादा गादीचे पैसे. औषधांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिथेच संपली.

पुढच्या खेपेस आम्ही निघण्याआधीच फोनवर विचारून घेतले: दिवस २४ तासांचा की दुपारी १२ पर्यंतचा? तिसऱ्या माणसाचे किती? लिफ्ट आहे का? कर धरून एकूण किती? मग मस्जिद बंदरला खोली घेतली. तिथून धीम्या लोकलने थेट परळ गाठता येते आणि हलाल जेवणासाठी मोहम्मद अली रोड जवळच आहे.

मुक्काम लांबणार असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. विचारण्यात कसला कमीपणा? वाचलेला पैसा शेवटी उपचारालाच लागतो.