काळी पिसं म्हणजे कडकनाथ नव्हे

आठवडी बाजारात काळा कोंबडा हातात आला की मी आधी अंगठ्यानं त्याची चोच उघडून आत बघतो. जीभ गुलाबी दिसली, की विकणारा काहीही सांगो, तो कडकनाथ नाही. पिसं काळीभोर असतात, तुराही दुरून काळपट वाटतो आणि भाव मात्र कडकनाथचा लावलेला असतो. हौसेनं जातिवंत कोंबड्या पाळणारी घरं आता गावात आहेत तशी शहराच्या कडेलाही आहेत. कुणाकडे असील, कुणाकडे कडकनाथ, कुणाकडे पायांवर पिसं असलेली ब्रह्मा. हौस मनापासूनची असते, पैसा घालायचीही तयारी असते. नडते ती ऐकीव माहिती, आणि तिचा त्रास आधी मुक्या पक्ष्याला होतो.

‘कडकनाथचं रक्त काळं, अंडंही काळं’

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार या पट्ट्यातला. भिल्ल आणि भिलाला समाजानं तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे त्याला ‘कालीमासी’ म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे, कारण काळेपणा मांसात, कातडीत, हाडांवरच्या पापुद्र्यात, आतड्यांच्या आवरणातही असतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी शरीरभर पसरल्यानं हे होतं. त्यामागे जनुकांच्या एका तुकड्याचं दुपटीकरण आहे आणि नेमकं तेच चीनच्या सिल्की कोंबडीत आणि इंडोनेशियातल्या ‘अयाम चेमानी’तही सापडतं. रक्त मात्र लालच असतं, फार तर थोडं गडद. अंडं फिकट तपकिरी आणि आतला बलक पिवळा. काळ्या कवचाचं अंडं कोणतीच कोंबडी देत नाही. कुणी तसं अंडं दाखवलं तर ते रंगवलेलं समजा.

इथं एक मेख आहे. हा काळेपणा प्रभावी गुण आहे. कडकनाथचा कोंबडा साध्या गावरान कोंबडीवर सोडला तरी पिल्लांत कमी-जास्त काळेपणा उतरतो. म्हणजे गुलाबी जीभ दिसली तर पक्षी नक्की बाद, पण काळी जीभ दिसली म्हणून जात शुद्ध ठरत नाही. वजनही बघावं लागतं: पूर्ण वाढलेला नर पावणेदोन ते दोन किलो, मादी सव्वा ते दीड किलो. तीन किलोचा ‘कडकनाथ’ दाखवला तर त्यात दुसरं रक्त आहे असं धरून चाला. आणि हे मांस मधुमेह किंवा रक्तदाबावरचं औषध नाही. चरबी कमी, प्रथिनं भरपूर, चव वेगळी. एवढं त्याचं मोल पुरेसं आहे. औषध म्हणून जाहिरात झाली की भाव फुगतो, आणि फुगलेल्या भावाच्या आशेनं पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कर्ज काढून पैसे गमावले.

‘गिरिराज, वनराज गावरानच की’

नाही. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाला, वनराज हैदराबादच्या केंद्र सरकारच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. परसात पाळायला दोन्ही पक्षी उत्तम, रंगीबेरंगी, काटक. मी कुणाला नको म्हणणार नाही. पण ते संकरित आहेत. त्यांचीच अंडी उबवून पुढची पिढी काढली तर पिल्लं आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत, वाढ आणि अंडी दोन्ही घसरतात. जात म्हणजे अशी ओळ, जिची पिल्लं आपल्या आईबापांवर जातात.

ब्रह्माचा गोंधळ नावामुळे झाला आहे. नाव ब्रह्मपुत्रेवरून आलं, म्हणून लोक तिला भारतीय समजतात. ही जात घडली अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, शांघायहून जहाजानं आलेल्या, पायांवर पिसं असलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून. चितगावकडच्या पक्ष्यांचं रक्त तिच्यात मिसळलं असावं, असं तिच्या बसक्या तुऱ्यावरून मानतात. आपल्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरचं पिसांचं पांघरूण तिला जड जातं. विदर्भ-मराठवाड्यात ती पाळायची तर सावली आणि गार पाणी आधी, पक्षी नंतर.

‘असील पाळला म्हणजे झुंज लावायची’

या समजुतीनं असीलचं फार नुकसान केलं. झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. असील पाळणं गुन्हा नाही. तमिळनाडूत पोपटासारखी बाकदार चोच आणि लांब शेपटी असलेल्या असीलांची प्रदर्शनं भरतात. तिथं पक्षी फक्त उभा राहतो आणि परीक्षक त्याची ठेवण बघतात. असीलचा वारसाही मोठा आहे. इंग्रजांनी तो नेऊन कॉर्नवॉलमध्ये ‘कॉर्निश’ जात घडवली आणि आज जगभर विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरच्या नराकडच्या वंशात तीच कॉर्निश आहे.

प्रदर्शनात सर्वात मोठा पक्षी जिंकतो, हाही भ्रमच. अमेरिकेत 1874 पासून प्रत्येक जातीच्या ठेवणीचं छापील मानक आहे आणि तुरा, पाय, पाठीचा उतार, पिसांची वीण, वजन या सगळ्यांची त्यात गणती होते. वजन मानकाच्या फार वर गेलं तरी दोषच धरतात.

असील ठेवताना एक गोष्ट मात्र झुंजीच्या आठवणीतून शिकावी. वयात आलेले दोन नर एकमेकांना दिसताच कामा नयेत. दोन कप्प्यांमध्ये नुसती जाळी लावली तर ते जाळीतून चोची मारून तुरे रक्ताळून घेतात. मधला पडदा तळापासून दोन-अडीच फूट भरीव हवा, फळीचा किंवा पत्र्याचा. आणि बसायची दांडी उंच नको. चार किलोचा पक्षी उंचावरून रोज उडी मारू लागला की तळपाय सुजतो.

‘खुराडं बंद आणि उबदार हवं’

सर्वात जास्त पक्षी या समजुतीनं मरतात, असं माझं मत आहे. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला ऊब लागते. मोठ्या पक्ष्याच्या शरीराचं तापमान मुळातच 41 अंश सेल्सियसच्या वर असतं, त्याला घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो उष्णता बाहेर टाकतो. त्याला कोंडलं की दमट हवा, विष्ठेतला अमोनिया आणि श्वासाचे रोग एकत्र येतात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन थेट आत शिरत नाही. लांबीच्या भिंती खाली दीड फूट बांधीव आणि वर सगळी जाळी, पावसाळ्यात सोडायला पोत्याचे पडदे. असीलसारख्या मोठ्या पक्ष्याला आत चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला त्याच्या दुप्पट जागा द्यावी.

हवा बरी की वाईट हे उभ्यानं कळत नाही. पहाटे दार उघडताच खाली वाकून नाक कोंबडीच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर रात्रभर तिचेही चुरचुरत होते. मग तळाचं भाताचं तूस मुठीत घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर तूस ओलं आहे, भुगा सुटला तर ठीक. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि कोकणातल्या पावसात पिल्लांचा घास घेतात.

जाळीबद्दलही एक सांगतो. बाजारात मिळणारी षटकोनी ‘मुर्गी जाळी’ कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती बाहेरच्या बाजूनं फूटभर जमिनीत गाडावी.

‘देशी पक्ष्याला लस लागत नाही’

मानमोडी, म्हणजे राणीखेत, देशी-विदेशी बघत नाही. या रोगाला नावच आपल्या राणीखेतचं मिळालं, 1920 च्या दशकात तिथं तो नोंदवला गेला तेव्हा. एकदा शिरला की आठवड्यात खुराडं रिकामं होऊ शकतं आणि त्यावर उपचार नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्याच्या आसपास दुसरी टोचणी. दिवस आपल्या पशुवैद्यकाला विचारून पक्के करावेत. कडकनाथ मोकळ्यावर काटक असतो, पण दाटीनं कोंडला तर त्याला मरेक्सचा रोग होतो. त्याची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते, म्हणून पिल्लं घेतानाच ती दिली आहे का हे विचारावं. घरी दहा कोंबड्या आणि बाटली शंभर डोसची, ही अडचण खरी आहे. आम्ही वस्तीवरची पाच-सहा घरं एकच दिवस ठरवतो, बाटली बर्फात आणतो आणि मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपवतो.

‘एक चांगला कोंबडा, दहा कोंबड्या, झाली जात शुद्ध’

अंडी फळायला हे प्रमाण पुरतं. जात राखायला पुरत नाही, हे मी स्वतःच्या चुकीनं शिकलो.

कळपाचं खरं बळ डोकी मोजून कळत नाही. नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि एकूण संख्येनं भागा. एक नर आणि नऊ माद्या असतील तर उत्तर येतं 3.6. खुराड्यात दहा पक्षी दिसतात, पण रक्ताच्या हिशोबानं चारसुद्धा नाहीत. त्याच नऊ माद्यांना तीन नर ठेवले तर उत्तर 9. दोन नर वाढवले आणि बळ अडीचपट झालं. ‘बाहेरचं रक्त नको, जात बिघडेल’ म्हणून बापाला लेकीवर आणि भावाला बहिणीवर सोडत राहणं ही शुद्धता नव्हे. लपलेले दोष त्यातून वर येतात: आधी अंडी फळत नाहीत, मग पिल्लं कवचातच मरतात, मग वाकडी बोटं दिसू लागतात.

माझ्याकडे असीलचा एकच देखणा नर होता. पहिल्या वर्षी खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, दहा पिल्लं निघाली. तिसऱ्या वर्षी त्याच्याच लेकींची बारा ठेवली. सातव्या रात्री दिवा मालवून एकेक अंडं बॅटरीवर धरलं. पाच अंडी आरपार स्वच्छ, म्हणजे फळलीच नव्हती. दोनांत नुसतं रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरून गेलेला. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं बाहेर आली.

मग त्याच ठेवणीचे, पण दुसऱ्या घरचे दोन नर आणले. महिनाभर त्यांना वेगळं ठेवलं, कारण नवा पक्षी रोगही घेऊन येतो. माद्यांचे तीन गट केले, प्रत्येक गटाला आपला नर, आणि पिल्लांच्या पायात गटाच्या रंगाची कडी. तांबड्या गटाचे तरणे नर पुढच्या हंगामात हिरव्या गटात जातात, हिरव्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे तांबड्यात. माद्या आपल्याच गटात राहतात. वहीत तारीख, कडीचा रंग आणि अंड्यांची संख्या, एवढंच लिहितो. नर बदलला की पहिल्या तीन आठवड्यांची अंडी उबवायची नाहीत, खायची. आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकतं, आणि हे माहीत नसल्यानं कितीतरी जणांच्या वहीत बाप चुकीचा लागतो.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग निघते, असं आमची आजी सांगायची. ते खरं नाही. पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या बीजावर ठरतं, कवचाच्या आकारावर नाही. म्हणून मी अंडी निवडताना आकार बघतो तो वेगळ्यासाठी: फार लांबट, खडबडीत किंवा तडकलेलं नको, आठवड्याहून जुनं नको, धुतलेलं तर मुळीच नको.

यंदा कार्तिकात हिरव्या गटातली कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली बारा अंडी सरकवली, सातव्या रात्री पुन्हा बॅटरी घेऊन बसलो. अकरा अंड्यांत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं होतं आणि मधोमध एक काळा ठिपका हलत होता. बारावं स्वच्छ निघालं, ते बाजूला ठेवलं. कोंबडीनं माझ्या मनगटावर एक सणसणीत चोच मारली आणि पिसं फुलवून उरलेली अकरा पोटाखाली ओढून घेतली.