बार्शीचे शाहीर अमर शेख

धाराशिवाहून पश्चिमेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत बार्शी लागते. आज हा प्रवास एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाण्यापुरता आहे, परंतु इ. स. १९४८ पर्यंत मध्यें दोन राज्यांची सीमा होती. धाराशिव, म्हणजे त्या काळचें उस्मानाबाद, निजामाच्या मुलुखांत, बार्शी इंग्रजांच्या. इकडे कचेरीची भाषा उर्दू, तिकडे मराठी व इंग्रजी. माणसांच्या बोलण्यांत मात्र दोहों बाजूंस फारसा फरक नव्हता. या सीमेपलीकडे बार्शीस २० ऑक्टोबर १९१६ रोजीं एका गरीब मुसलमान घरांत मेहबूब हुसेन पटेल हें मूल जन्मास आलें. सगळ्या महाराष्ट्रानें ज्यांस पुढें शाहीर अमर शेख म्हणून ओळखलें ते हेच. आमचे पुष्कळ विद्यार्थी अलीकडे 'रॅप' नांवाचें गाणें ऐकतात व तो परदेशांतून आलेला अगदीं नवा प्रकार आहे असें समजतात. त्यांच्याकरितां या शेजारच्या शाहिराची ओळख करून द्यावी, असें आम्हांस वाटलें.

आई मुनेरबी हिच्यापाशीं लोकगीतांचा मोठा सांठा होता, व मुलास गाण्याचा वारसा मिळाला तो तिच्याकडून. आमच्या भागांतील मुसलमान कुटुंबें घरीं दखनी बोलतात. बाजारांत, शेतांत, शेजारींपाजारीं मराठी. जात्यावर बसलेल्या मुसलमान बायाही मराठींत ओव्या गात असत, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. तेव्हां या मुलास मराठी परकी म्हणून शिकावी लागली नाहीं. ती उंबऱ्यावरच उभी होती. शाळा मात्र त्याच्या वांट्यास थोडी आली. मोटारीवर क्लीनर, नंतर गिरणींत मजूर, अशीं कामें करीत तो वाढला. गिरणीच्या संपांत पुढाकार घेतला म्हणून विसापूरच्या तुरुंगांत जावें लागलें, आणि तेथें भेटलेल्या साम्यवादी कार्यकर्त्यांच्या सहवासांत त्याचीं पुढच्या आयुष्याचीं मतें घडलीं. सुटल्यावर कांहीं काळ तो कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेंत होता. 'अमर शेख' हें नांव मित्रांनीं तेथेंच दिलें. त्या नांवाकडे वाचकांनीं क्षणभर पहावें. पहिला शब्द संस्कृत, दुसरा अरबी. आणि तरीही तें उच्चारतांना मराठी जिभेस कोठें अडखळल्यासारखें होत नाहीं.

अरबी शब्दाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकूं. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर', म्हणजे कवि, यावरून आला. त्याच्या हातांतील 'डफ' हेंही नांव अरबी 'दफ' यावरूनच आलेलें. ज्या कलेचा मराठी माणसास सर्वांत अधिक अभिमान, तिच्या कर्त्याचें व वाद्याचें अशीं दोन्ही नांवें वाळवंटांतून फारसी व दखनी मार्गानें आमच्याकडे चालत आलीं. अज्ञानदासानें अफजलखानाच्या वधाचा पोवाडा शिवाजी महाराजांच्या काळींच गाइला. पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ हे मुसलमान शाहीर नामांकित होते. आणि आमच्या शेजारच्या सोलापूरचे राम जोशी यांनीं तर मराठी, संस्कृत, कानडी व हिंदुस्थानी या भाषा एकमेकींत गुंफून लावण्या रचल्या. अनेक भाषांत गाणारा तालबद्ध कवि ही जर नवलाई असेल, तर ती या मुलुखांत दोन शतकांपूर्वींच होऊन गेली.

रॅपचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, कृष्णवर्णी व गरीब तरुणांमध्यें, १९७० नंतरच्या दशकांत झाला. अर्धें गाणें, अर्धें बोलणें. ताल पक्का, शब्द भरभर. विषय आपल्या गल्लींतील दुःखाचा. पोवाड्याची रीत निराळी असली तरी फार दूरची नाहीं. शाहीर चढ्या आवाजांत चौक म्हणतो, मध्येंच थांबून गद्यांत हकीकत सांगतो, मागचे झीलकरी 'जी जी' म्हणून त्याचा सूर उचलून धरतात, आणि तुणतुणें त्या बोलण्याखालीं अखंड वाजत असतें. गळा गोड असला नसला तरी चालेल; तो पोंचला पाहिजे. अमर शेखांच्या आवाजास सर्वांनीं एकच विशेषण लाविलें आहे, तें म्हणजे पहाडी.

इ. स. १९४४ सालीं मुंबईंत अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर व अमर शेख या तिघांनीं लाल बावटा कलापथक काढलें. गिरणगांवांतील चाळी हें त्यांचें नाट्यगृह, व दिवसभर मागावर उभा राहिलेला कामगार हा त्यांचा श्रोता. अण्णा भाऊंची लेखणी व अमर शेखांचा गळा अशी जोडी जमली. गांवीं राहिलेल्या मैनेची ती सुप्रसिद्ध छक्कड अण्णा भाऊंनीं लिहिली, पण ती घरोघर गेली अमर शेखांच्या आवाजानें. पुढें सरकारनें पथकावर बंदी घातली, तेव्हां तमाशाचें नांव सोडून लोकनाट्य या नांवानें तीच कला पुन्हां उभी राहिली. या मंडळींचीं राजकीय मतें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहेत असें नाहीं. रशियाविषयीं त्यांनीं जो भोळा विश्वास धरला होता, तो काळानें टिकूं दिला नाहीं. त्या प्रचारांतील पुष्कळ गाणीं आज कोणी म्हणत नाहीं, आणि न म्हटल्यानें कांहीं मोठें नुकसान झालें असेंही आम्हांस वाटत नाहीं. जीं राहिलीं, तीं माणसाच्या पोटाचीं व घराचीं.

अमर शेखांची खरी कसोटी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत. तिचा अर्थ आमच्या जिल्ह्यास इतरांहून अधिक समजावा. १९४८ सालच्या सप्टेंबरांत निजामाचें राज्य संपलें. त्यापूर्वीं रझाकारांनीं जे अत्याचार केले ते आमच्याकडे सर्वांस ठाऊक आहेत. त्यानंतर येथील मुसलमानांवर जें ओढवलें त्याविषयीं मात्र फारसें बोललें जात नाहीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वांत अधिक हानि झालेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत गुलबर्गा, बिदर व नांदेड यांच्याबरोबर उस्मानाबाद होता. या घटनेस आठ वर्षें होतात न होतात तोंच, १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि मराठी भाषेचें स्वतंत्र राज्य मुंबईसह मिळावें म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्या भाषेसाठीं मैदानामैदानांतून जो आवाज उठला तो कोणाचा? बार्शीच्या मुनेरबीच्या मुलाचा. तो शिवाजी महाराजांचा जयजयकार करी, आणि लाखोंचा समुदाय त्यास उत्तर देई. भाषा ही एका धर्माची मिळकत आहे असें मानणाऱ्यास या दृश्याचा उलगडा करतां येणार नाहीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

भाषा कोणाची, हा प्रश्न दूरच्या एका गांवींही पडला. पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस लोद हें नांव परिचित आहे. पेत्रानें आठ वर्षें अंथरुणास खिळलेल्या ऐनेयास बरें केलें तें तेथेंच. हें गांव आज इस्राएल देशांत आहे. १९४८ च्या जुलैंत तेथील बहुतेक अरब रहिवाशांस घालवून देण्यांत आलें, थोडे राहिले. तेथील अरब तरुणांपैकीं तामेर नफार, त्यांचे बंधु सुहेल व मित्र महमूद जरैरी यांनीं १९९९ च्या सुमारास 'दाम' नांवाचें रॅपपथक काढलें. घरीं अरबी, दुकानांत व कचेरींत हिब्रू, आणि अमेरिकेच्या ध्वनिमुद्रिकांवरून उचललेली इंग्रजी. या तिन्ही भाषांत ते गातात. आपल्या लोकांस धीर द्यावयाचा तर अरबींत. शेजाऱ्यास सुनवावयाचें तर हिब्रूंत, कारण त्याच्याच भाषेंत म्हटलें म्हणजे 'कळलें नाहीं' असें म्हणावयास त्यास जागा उरत नाहीं. त्यांचा 'इहदा' हा गीतसंग्रह २००६ सालीं निघाला, आणि २०१६ च्या 'जंक्शन ४८' या चित्रपटांत तामेर यांनीं प्रमुख भूमिका केली. त्याच्या लेखनांतही त्यांचा हात होता. पथकाचें नांव मोठ्या चातुर्यानें ठेविलें आहे. 'दाम' याचा अरबींत भाव टिकून राहणें, आणि हिब्रूंत अर्थ रक्त. प्रेषितांच्या कृत्यांतील 'हकलदमा' म्हणजे रक्ताचें शेत. त्या शब्दाच्या अखेरीस हाच 'दमा' आहे. आणि अरबी अर्थ मराठींत आणूं गेलें तर 'अमर' याहून जवळचा शब्द आम्हांस सुचत नाहीं.

दोहोंत भेदही आहे, व तो लहान नाहीं. लोदच्या तरुणांची हिब्रू ही समोरच्याची भाषा आहे. अमर शेखांची मराठी ही त्यांची स्वतःचीच होती. त्यांस ती कोणाकडून मागून घ्यावी लागली नाहीं, आणि महाराष्ट्रानेंही ती त्यांच्या तोंडीं ऐकतांना कधीं दाखला विचारला नाहीं. असें सर्वकाळ घडतें असें मात्र कोणी समजूं नये.

शाहिरीबरोबर त्यांनीं लिहिलेंही. 'अमरगीत' हा गीतसंग्रह १९५१ चा, 'कलश' हा काव्यसंग्रह १९५८ चा, 'धरतीमाता' १९६३ चा. छापील पानावर त्यांची कविता कांहींशी पसरट वाटते. जी ओळ डफावर उसळे ती कागदावर निपचित पडते, हें अनेक शाहिरांचें दुर्दैव आहे. १९६२ सालीं चीननें आक्रमण केलें तेव्हां त्यांनीं गांवोगांव गाऊन जवानांसाठीं निधि जमविला. २९ ऑगस्ट १९६९ रोजीं इंदापूरजवळ मोटार-अपघातांत त्यांचा अंत झाला. वय त्रेपन्नही पुरें नव्हतें. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख या मराठींतील नांवाजलेल्या कवयित्री आहेत, व मुंबई विद्यापीठांत शाहिरांच्या नांवाचें अध्यासन आहे. ज्यांस त्यांस प्रत्यक्ष पहावयाचें असेल त्यांनीं १९६१ सालचा 'प्रपंच' हा चित्रपट मिळवून पहावा. तेथें ते शाहीर नाहींत. लेंकरांच्या घासासाठीं झटणारा एक गरीब कुंभार झाले आहेत.