मागोवा एषणी, स्थितिक व गतिक

संगणकाची परिचालन प्रणाली चालू असतानाच तिच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यामध्ये, काय घडते याची नोंद मिळविण्यासाठी योजलेली निरीक्षणस्थाने. प्रोब या संज्ञेसाठी येथे ‘एषणी’ व ट्रेसिंगसाठी ‘मागोवा’ हे शब्द योजले आहेत. बँकेचा वा रेल्वे आरक्षणाचा संगणक दोष शोधण्यासाठी सहसा थांबविता येत नाही. शिवाय तो बंद करून पुन्हा सुरू केल्यास दोषाचा पुरावाच नाहीसा होण्याचा संभव असतो. म्हणून या एषणींना महत्त्व आहे.

स्थितिक एषणीचे स्थान प्रणालीचा लेखक मूळ आज्ञावलीतच ठरवून ठेवतो. लिनक्समध्ये तिला ट्रेसपॉइंट म्हणतात. ही यंत्रणा २·६·२८ या आवृत्तीत (२००८) समाविष्ट झाली. गतिक एषणीला अशी पूर्वतयारी लागत नाही. ती चालू कर्नेलमधील बहुतेक आज्ञांवर बसविता येते. केप्रोब हे तिचे उदाहरण असून ते २·६·९ या आवृत्तीत (२००४) आले. त्याच्या घडणीत वंशी कृष्ण, सुपर्णा भट्टाचार्य व प्रसन्ना पंचमुखी या आय्‌. बी. एम्‌.मधील भारतीय अभियंत्यांचा वाटा आहे. केप्रोबमध्ये निवडलेल्या आज्ञेच्या जागी विरामाची आज्ञा घातली जाते; नियंत्रण तेथे पोहोचताच नोंद घेणारे कार्य चालते, मूळ आज्ञा पार पाडली जाते व प्रणालीचे काम पुढे सुरू राहते. खुद्द केप्रोबच्या आज्ञावलीसारख्या काही भागांवर मात्र अशी एषणी बसविता येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील बेंबळासारख्या प्रकल्पाच्या कालव्याची कल्पना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. बांधकामातच बसविलेली मापनपट्टी ही स्थितिक एषणी होय. पाणी वाहत असताना हव्या त्या ठिकाणी बुडविलेले मापक उपकरण ही गतिक एषणी होय.

संज्ञांमुळे दोन गैरसमज संभवतात. पहिला ‘स्थितिक’ या विशेषणाविषयी. ते केवळ एषणीच्या स्थानाला लागू पडते. ट्रेसपॉइंट बंद असताना तेथे सामान्यतः काहीही न करणारी आज्ञा असते व गरज पडताच, प्रणाली चालू असतानाच, तिचे रूपांतर उडीच्या आज्ञेत केले जाते. त्यामुळे बंद ट्रेसपॉइंटचा भार नगण्य असतो. दुसरा गैरसमज ‘प्रोब’ या शब्दाचा आहे. सोलॅरिस १० (२००५) मधील डीट्रेस प्रणालीत स्थितिक व गतिक अशा दोन्ही निरीक्षणस्थानांना प्रोब म्हणतात; लिनक्सच्या ट्रेसपॉइंटमध्ये मात्र त्या स्थानाला जोडलेल्या कार्याला प्रोब म्हणतात.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. कर्नेलची आवृत्ती बदलली की कार्यांची नावे व रचना बदलतात आणि गतिक एषणीवर आधारलेली साधने निरुपयोगी ठरू शकतात. स्थितिक एषणी त्या मानाने टिकाऊ असते, परंतु ती लेखकांना बांधून ठेवते. २०११ मध्ये मागोव्याच्या नोंदीतील एक निरुपयोगी क्षेत्र काढून टाकल्यावर पॉवरटॉप हे वीजवापर तपासणारे साधन बंद पडले व नोंदीतील ती जागा पुन्हा राखावी लागली. म्हणून दीर्घकाळ वापरावयाच्या साधनांसाठी स्थितिक, तर अनपेक्षित दोषाच्या शोधासाठी गतिक एषणी निवडणे श्रेयस्कर ठरते.