गिटारच्या सुरात लावलेला सहातारी बास

सहा तारांचा बास म्हटला की बी-ई-ए-डी-जी-सी असा लावलेला, रुंद नेकचा बास डोळ्यांपुढे येतो. इथे बोलायचं आहे ते वेगळ्या वाद्याबद्दल. याच्या तारा ई-ए-डी-जी-बी-ई अशा, अगदी नेहमीच्या गिटारसारख्या, फक्त एक सप्तक खाली. डॅनइलेक्ट्रोने १९५६ साली असं वाद्य काढलं, १९६१ मध्ये फेंडरचा ‘बास सिक्स’ आला. बीटल्सच्या ‘लेट इट बी’मध्ये जॉन लेननने हाच वाजवला आहे. गिटार येणाऱ्याची बोटं त्यावर लगेच चालतात. अर्जुनी मोरगावकडच्या झाडीपट्टी नाटकाच्या साथीला एकच गिटारवाला असेल, तर बासचं काम तोच उचलू शकतो. असं वाद्य गोंदियात बसून घडवायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?

लाकडापासून नव्हे, तारेच्या लांबीपासून.

तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर ठरतो. एक सप्तक खाली जायचं म्हणजे कंपनं निम्मी करायची. लांबी आणि ताण तेच ठेवले, तर दर सेंटिमीटरमागे तारेचं वजन चौपट लागतं. मिरजेच्या तंबोऱ्यात खर्जाची तार जाड आणि पितळेची असते, तीही याच कारणाने. पण गिटारच्या ६४८ मिलिमीटर लांबीवर एवढी जड तार ताठ होते, तिचे उपस्वर चढे निघतात आणि खालचा ई बद्द वाजतो. बासची ८६४ मिलिमीटर लांबी घेतली तर सव्वादोनपट वजनात काम भागतं आणि खर्ज भरदार येतो. मात्र नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १३४ वरून १७८ मिलिमीटरवर जातं. त्यावर गिटारचे कॉर्ड धरून बघा!

फेंडरने मधला मार्ग काढला: ३० इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. वजन साधारण २.९ पट, चौथा फ्रेट १५७ मिलिमीटरवर. मला यापेक्षा शहाणा आकडा दिसत नाही. फ्रेटच्या जागा काढायला लांबीला १७.८१७ ने भागायचं. पहिला फ्रेट ४२.८ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं शेवटपर्यंत. बारावा बरोबर ३८१ वर आला नाही, तर हिशेब कुठे तरी चुकला आहे. जाड तारांसाठी ब्रिजवरचे सॅडल काही मिलिमीटर मागे सरकायला जागा हवी, नाहीतर वरच्या फ्रेटवर सूर चढे लागतील.

फेंडरचा संच ०.०२४ ते ०.०८४ इंचांचा. त्यातला खालचा ई ढिला लागतो ही जुनी तक्रार आहे, ०.०९५ ची तार घेतली तर ती बरीच मिटते. साध्या गिटारच्या खुंटीच्या भोकात एवढी तार बहुधा जात नाही, म्हणून खुंट्या तार हातात घेऊनच निवडाव्यात. वरचा ई, ०.०२४ चा, सुमारे साडेचौदा किलोने ओढतो, ०.०१० ची तार लावलेल्या गिटारवर हाच ताण सात किलोंच्या आसपास असतो. तेव्हा नेकमध्ये दोन्ही बाजूंनी फिरणारा ट्रस रॉड हवाच.

बोटांनी वाजवायचं की पिकने, हेही आधी ठरवावं. चार तारांच्या बासला ब्रिजवर तारांमध्ये १९ मिलिमीटर अंतर असतं, गिटारला साडेदहाच्या आसपास. १३ घेतलं तर दोन्ही जमतं, पण सहा तारा ६५ मिलिमीटर पसरतात आणि गिटारचा पिकअप कडेच्या तारांना पुरत नाही. सलग पट्टीच्या चुंबकाचा, रुंद पिकअप घ्यावा.

लाकडाची चिंता मात्र या जिल्ह्यात कमी. सागवान ऋतूंना दाद देत नाही, आणि मे महिन्यात ४५ अंश व लगेच पावसाळी दमट हवा असणाऱ्या गावात तो मोठाच गुण. नेकला सरळ रेषेचा साग तीन पट्ट्यांत जोडून घ्यावा, मधली पट्टी उलटी करून. साग तेलकट असतो; डिंक लावायच्या आधी जोड थिनरने पुसला नाही तर तो सुटतो. सबंध बॉडी सागाची केली तर खांदा दुखेल. तिथे हलकी शिवण बरी, फ्रेटबोर्डला शिसव. बॉडीचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पोचू द्यावं, नाहीतर पट्टा गळ्यात घातल्यावर नेक खाली झुकते.

लाकूड पावतीनिशी घ्या आणि पुरतं वाळवा. पण त्याही आधी तारांचा संच मागवा. आपल्याकडच्या दुकानांत तो सहसा नसतो, आणि तारा हातात आल्याशिवाय नट, खुंट्या, ब्रिज यांपैकी एकाचंही माप पक्कं करता येत नाही.