ताण, बहार आणि तेल्या : नगरच्या डाळिंबबागांचा मागोवा

नगर जिल्ह्यातील डाळिंबाचा इतिहास तेल्या रोग येण्याआधीचा आणि तेल्या आल्यानंतरचा असा सरळ दोन भागांत पडतो. आधीच्या काळात बागायतदाराची चिंता पाणी कमी पडण्याची होती. नंतरच्या काळात बागा खालावल्या त्या ओलाव्याने, आणि तेही पावसाचे सरासरी मान जेमतेम साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर असलेल्या जिल्ह्यात. अकोले तालुक्याचा पश्चिम डोंगरी पट्टा वगळला तर उरलेला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. डाळिंब इथे रुजले ते त्या कोरडेपणाच्या भरवशावर.

पिकाचा पाया पुण्यात घातला गेला. गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी आळंदी वाणातून निवड करून १९३६ मध्ये जी. बी. जी.-१ हा वाण काढला. १९७० मध्ये त्याचे नामकरण ‘गणेश’ झाले. मऊ बी, गोड रस आणि भरपूर उत्पादन या गुणांवर गणेशने राज्यभर पाय पसरले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून गडद रंगाचे वाण तयार केले. १९९४ च्या सुमारास मृदुला आली, नंतरच्या दशकात आरक्ता आणि भगवा. भगव्याची जाड साल, टिकाऊपणा आणि लालभडक दाणे व्यापाऱ्यांना भावले आणि काही वर्षांत गणेश मागे पडला. मात्र भगव्याचे फळ झाडावर जवळपास सहा महिने राहते. आरक्ताचे साडेचार महिन्यांच्या आत काढणीला येते. हा फरक पुढे महागात पडायचा होता, कारण फळ जितके दिवस झाडावर तितके दिवस ते पावसाच्या तोंडी.

क्षेत्र वाढवले ते १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने आणि पाठोपाठ आलेल्या ठिबकने. राहाता, संगमनेर, राहुरीपासून पारनेर, पाथर्डी, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत मुरमाड माळांवर खड्डे पडले. राहात्याच्या बाजार समितीत डाळिंबाचे लिलाव भरू लागले. उसाला पुरणार नाही इतक्या पाण्यात उसापेक्षा जास्त पैसे देणारे पीक म्हणून त्याची ख्याती झाली. या भरभराटीत दोन गोष्टी नकळत घडल्या. एक, पाच बाय पाच मीटरवरची लागवड साडेचार बाय तीनवर आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही दाट झाली. हेक्टरी चारशे झाडांच्या जागी साडेसातशेच्या घरात झाडे उभी राहिली. दुसरी, गुटी कलमे जिथून मिळतील तिथून आणली गेली.

तेल्या रोगाचा जिवाणू झँथोमोनास भारतात नवा नव्हता. त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीहून झाली होती. महाराष्ट्रात मात्र त्याने थैमान घातले ते २००० नंतरच्या दशकात. रोगट पान उजेडाकडे धरले की तेलकट कागदासारखा आरपार ठिपका दिसतो. फळावर तोच डाग तपकिरी-काळा होतो आणि साल इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी तडकते. त्यानंतर फळ मातीमोल ठरते. तापमान अठ्ठावीस-तीस अंशांच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर गेली की जिवाणू झपाट्याने वाढतो. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो फांदीवरून फांदीवर जातो आणि रोगट कलमाबरोबर तालुक्याच्या पलीकडे. दाट बागेत हवा खेळत नाही आणि पाने वाळायला वेळ लागतो, त्यामुळे आभाळ कोरडे असले तरी बागेच्या पोटात दमटपणा टिकतो. २००५ मध्ये सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे राहिले, तेव्हा तेल्या हाच त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता.

सुरुवातीची बरीच वर्षे उत्तर फवाऱ्यात शोधले गेले. बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, स्ट्रेप्टोसायक्लिन, ब्रोनोपॉल यांच्या पाळ्यांवर पाळ्या झाल्या. खर्च वाढला, रोग हटला नाही. प्रतिजैविकांचा वापर इतका बोकाळला, की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसिनवर बंदी आणण्याचा मसुदा काढला.

खरा तिढा बहाराचा होता. झाडाचे पाणी तोडून ताण द्यायचा, पाने पिवळी पडू द्यायची, इथरेलने पानगळ करायची, छाटणी करून पहिले पाणी सोडायचे, म्हणजे फुले एकदम निघतात. हे जानेवारीत केले तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. आंबे बहाराला भर उन्हाळ्यात पाणी लागते. हस्ताची फळे फेब्रुवारीनंतर निघतात, त्यांना भाव चढा मिळतो आणि तेल्याही कमी असतो. पण ताण द्यायच्या दिवसांतच परतीचा पाऊस येतो आणि फळ पोसायला पाणी साठवलेले असावे लागते. मृग बहार पावसाच्या पाण्यावर निघतो, म्हणून विहीर आटणाऱ्या शेतकऱ्याने तोच धरला. म्हणजे ज्याच्याकडे पाणी सर्वांत कमी, त्याच्या बागेची फळे सर्वांत ओल्या महिन्यांत वाढत होती. या रोगाचे ओझे कोरडवाहू शेतकऱ्यावरच का जास्त पडले, ते इथे उलगडते. कोणत्याही औषधाच्या लेबलवर ते लिहिलेले नसते.

 

रोगाशी जुळवून घेणारी शिस्त हळूहळू बसली. रोगट बागेला मृग बहार न धरता विश्रांती द्यायची. छाटताना कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक द्रावणात बुडवायची. गळलेली पाने-फळे वेचून जाळायची आणि झाडाखाली ब्लीचिंग पावडर धुरळायची. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावायची, झाडाचा मध्य मोकळा ठेवायचा आणि रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यायची. ही कामे कष्टाची आणि दिसायला किरकोळ, पण पिचकारीने जे साधले नाही ते यांनी बऱ्याच अंशी साधले. तेल्याला पुरेपूर तोंड देणारा व्यापारी वाण मात्र अजून बाजारात नाही.

ओलावा मुळाशीही नडला. कालव्याखालच्या भारी काळ्या जमिनीत, सतत ठिबक चालू असलेल्या बागांत मर रोग शिरला. खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने त्यात भर घातली. अशी झाडे वाचत नाहीत, ती मुळासकट काढावी लागतात. म्हणून नव्या लागवडी गादीवाफ्यावर, निचऱ्याच्या जमिनीतच करण्याकडे कल वळला.

पावसाचे वेळापत्रकही बदलले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळीने हस्ताचा ताणच मोडला. मे २०२५ मध्ये राज्यात विक्रमी पाऊस झाला तेव्हा आंबे बहाराची फळे झाडावर पोसत होती, म्हणजे कोरडा समजला जाणारा बहारही ओल्यात सापडला. शेततळे असलेले बागायतदार आता बहार पंधरा-वीस दिवस पुढे-मागे सरकवून पाहतात आणि काही जण ओळींवर क्रॉप कव्हर ताणतात. ज्यांच्याकडे शेततळे नाही, त्यांच्या बागा अजूनही मृगावरच आहेत.